मातीतला धातू पकडायचा कसा?

आवणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले की घोटीच्या एखाद्या भातखाचरात उतरून पाहा. इगतपुरी तालुक्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यामुळे खाचर पाण्यानं तुडुंब भरलेलं असतं. पाय टाकला की तो पोटरीपर्यंत रुततो. पायाभोवती बुडबुडे येतात. खालचा चिखल वर येतो तो काळपट, आणि त्याच्याबरोबर एक कुजकट वास येतो. सडक्या अंड्याला येतो, अगदी तोच!

दोस्तांनो, या वासाला नाक मुरडू नका. खाचरात एक मोठं काम चाललंय, त्याचा हा वास आहे. ते काम करणारे कामगार इतके लहान आहेत की डोळ्यांना दिसत नाहीत. तुमच्या ताटातल्या भातात काही विषारी धातू येऊ नयेत, याला त्यांची नकळत मदत होते.

धातू? मातीत? आणि भातात? चला, नीट समजून घेऊ.

मातीत धातू आले कुठून?

घोटीहून कळसूबाईकडे बघा. १६४६ मीटर उंचीचं हे शिखर महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. ते काळ्या कातळाचं आहे. हा कातळ म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेला आणि मग थंड झालेला लाव्हा. त्या लाव्ह्यात लोह, मँगनीज, तांबं, निकेल, क्रोमियम असे धातू होतेच. ऊन-पावसानं कातळ झिजला, त्याची माती झाली आणि धातू मातीत उतरले. म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतल्या मातीत थोडे धातू जन्मापासूनच असतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लोह, जस्त, तांबं, मँगनीज तर पिकालाही लागतात आणि आपल्यालाही. फक्त लागतात ते चिमूटभर.

पण काही धातू असे आहेत की त्यांचा आपल्या शरीराला कणभरही उपयोग नाही. शिसं, कॅडमियम आणि पारा हे त्यातले मुख्य. आर्सेनिक हा खरं तर पुरता धातू नाही, पण वागणूक तशीच, म्हणून शास्त्रज्ञ त्यालाही याच टोळीत बसवतात. या टोळीला म्हणतात जड धातू. 'जड' का, ते सांगतो. एक लिटरच्या बाटलीत पाणी भरलं तर त्याचं वजन एक किलो. तेवढ्याच जागेत शिसं भरलं तर ते अकरा किलोंच्याही वर जाईल!

हे धातू माणसाच्या उद्योगांतून मातीत येतात. गाडीच्या बॅटरीत शिसं असतं. काही जुन्या रंगांत शिसं असायचं. आता आपल्या देशात घरगुती रंगात दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. पेट्रोलमध्येही एकेकाळी शिसं मिसळत. गाडीच्या धुरातून ते बाहेर पडायचं आणि रस्त्याच्या कडेला बसायचं. शास्त्रज्ञांनी जगभर महामार्गांच्या कडेची माती तपासली, तेव्हा रस्त्यालगत शिसं जास्त आणि आत शेतात जावं तसं कमी, असंच चित्र दिसलं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसं मिसळलेलं पेट्रोल सगळीकडे बंद झालं. घोटीवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर आज धावणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलमध्ये ते नसतं. आहे की नाही चांगली बातमी?

आपल्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षं पिकतात. द्राक्षावर डावणी नावाचा बुरशीचा रोग येतो. त्यावर शेतकरी मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण फवारतात. हा उपाय फ्रान्समधल्या बोर्डो शहरातल्या मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८५ साली जगासमोर आणला. तिथले काही शेतकरी रस्त्यालगतच्या वेलींवर निळसर-हिरवं मिश्रण शिंपडत, म्हणजे येणारे-जाणारे द्राक्षं तोडणार नाहीत. मिलार्देच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींची पानं डावणीतून वाचली आहेत! मोरचुदात तांबं असतं. पिकाला ते थोडं लागतं, पण शंभर-सव्वाशे वर्षं फवारणी झालेल्या युरोपातल्या जुन्या बागांत मातीच्या वरच्या थरात तांबं खूप साठलेलं सापडलं. औषध संपलं, रोग गेला, पण तांबं तिथंच राहिलं.

इथं एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा. पालापाचोळा कुजतो. कागद कुजतो. कीटकनाशकंसुद्धा बहुतेक वेळा हळूहळू तुटून दुसऱ्या पदार्थांत बदलतात. धातू मात्र कुजत नाही, सडत नाही, जळून नाहीसाही होत नाही. तो फक्त जागा बदलतो, नाहीतर जोडीदार बदलतो. जड धातूंचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक शास्त्रज्ञाची सगळी धडपड या एका गोष्टीभोवती फिरते.

जिंझू नदीकाठचा भात

आता जपानला जाऊ. तिथल्या तोयामा भागात जिंझू नावाची नदी आहे. नदीकाठी भाताची खाचरं, अगदी आपल्या घोटीसारखी. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका नावाची खाण होती. तिथं जस्ताचं खनिज काढत. जस्ताच्या खनिजात कॅडमियम सोबतीला असतंच. ते नदीत उतरलं, नदीचं पाणी खाचरांत गेलं आणि पाण्याबरोबर कॅडमियम मातीत मुरलं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर डॉ. नोबोरु हागिनो त्या भागातल्या आपल्या वडिलांच्या दवाखान्यात काम करू लागले. त्यांच्याकडे एक विचित्र दुखणं घेऊन लोक येत. त्यात बहुतेक प्रौढ बायका होत्या. त्यांची हाडं इतकी ठिसूळ झालेली की साधा खोकला आला तरी बरगडी मोडावी. वेदनेनं त्या 'इताई, इताई' म्हणजे 'दुखतंय, दुखतंय' असं कण्हत. म्हणून त्या आजाराला 'इताई-इताई' हेच नाव पडलं.

हागिनोंनी काय केलं असेल? त्यांनी नकाशा घेतला आणि प्रत्येक रुग्णाचं घर त्यावर टिपलं. बघतात तर काय, जिथं जिंझूचं पाणी शेतीला जातं, नेमक्या त्याच पट्ट्यात रुग्ण! मग त्यांनी शेतीतज्ज्ञ आणि रसायनतज्ज्ञ यांची मदत घेतली. नदीचं पाणी, भात आणि रुग्णांची हाडं तपासली. १९६१ साली त्यांनी जाहीरपणे सांगितलं की दोषी कॅडमियम आहे. सुरुवातीला अनेकांनी विश्वास ठेवला नाही. अखेर १९६८ साली जपान सरकारनं मान्य केलं की हा आजार प्रदूषणामुळे झाला आहे.

हाडं का मोडत होती? कॅडमियम शरीरात शिरलं की मूत्रपिंडात साठतं. साठलेल्यातलं निम्मं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. मूत्रपिंड बिघडलं की हाडांना लागणारी खनिजं लघवीवाटे वाहून जातात, आणि हाडं मऊ आणि कमकुवत होत जातात.

जपानमध्ये आज एक किलो तांदळात ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम चालत नाही. ०.४ मिलिग्रॅम म्हणजे किती? तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा असतो. त्या एका दाण्याचे ५० सारखे तुकडे करा आणि त्यातला एकच तुकडा उचला. तेवढं! किलोभर तांदळात साधारण ५०,००० दाणे असतात. इतक्या ढिगात तेवढासा तुकडा शोधायचा, हे या शास्त्रज्ञांचं रोजचं काम.

भाताची फसगत

पण भाताचं रोप विषारी कॅडमियम आत घेतंच कशाला?

त्याची फसगत होते. भाताला मँगनीज हवं असतं. ते आत घ्यायला मुळांच्या पेशींवर एक खास प्रथिन असतं. त्याला मँगनीज आणि कॅडमियम यांतला फरक नीट ओळखता येत नाही. मँगनीज येतं तसं कॅडमियमही त्याच वाटेनं आत येतं. ओकायामा विद्यापीठातल्या जियान फेंग मा यांच्या गटानं २०१२ साली ही वाट शोधून काढली. त्याच वर्षी जपानमधल्या सातोरु इशिकावा यांच्या गटानं आणखी एक कमाल केली. त्यांनी कोशिहिकारी या जपानी भाताच्या बियाण्यावर कार्बनच्या अतिवेगवान कणांचा मारा केला. त्या बियाण्यापासून पुढं वाढवलेल्या दोन-अडीच हजार रोपांमधून त्यांना अवघी तीन रोपं अशी सापडली की त्यांच्या दाण्यात कॅडमियम जवळपास नव्हतंच. ती वाटच बंद झाली होती!

आता आपल्या खाचरातल्या त्या वासाकडे येऊ. खाचरात पाणी साचलं की मातीतली हवा बाहेर पडते. ऑक्सिजन संपतो. मग मातीतले काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी गंधकाच्या संयुगांवर काम भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार करतात. हाच तो सडक्या अंड्याचा वास. या गंधकाला कॅडमियम भेटलं की दोघं घट्ट बांधले जातात. त्यांचं कॅडमियम सल्फाइड बनतं आणि ते पाण्यात विरघळत नाही. जे विरघळत नाही, ते मुळांना शोषता येत नाही. म्हणजे कॅडमियम मातीत आहे, पण अडकलेलं आहे.

पुढं पीक तयार व्हायला आलं की शेतकरी बांध फोडून पाणी काढतात. खाचर सुकतं, हवा आत शिरते, ती जोडी तुटते आणि कॅडमियम पुन्हा सुटं होतं. ज्या जमिनीत कॅडमियम जास्त आहे, तिथं दाणा भरण्याच्या दिवसांत पाणी साचवून ठेवलं तर भातात कमी कॅडमियम उतरतं. जपानमध्ये शेतकऱ्यांना हाच सल्ला दिला जातो.

पण थांबा! आर्सेनिकचं नेमकं उलटं आहे. पाणी साचलेल्या मातीत आर्सेनिक सुटं होतं आणि सुकलेल्या मातीत बांधलं जातं. एकाला अडकवायला जावं तर दुसरं निसटतं. म्हणून कुठल्या शेतात कोणता धातू आहे हे आधी मोजावं लागतं. अंदाजानं चालत नाही.

नागपूरच्या प्रयोगशाळेतला साबण

भारतात नागपूरला 'नीरी' नावाची संस्था आहे. पूर्ण नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. १९५८ साली ती सुरू झाली. तिथं डॉ. आशा जुवारकर या शास्त्रज्ञ प्रदूषित माती पुन्हा कसदार कशी करायची, यावर अनेक वर्षं काम करत होत्या.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा दिसतो, पण मोठा अवघड आहे. माती धुवून तिच्यातलं शिसं आणि कॅडमियम काढता येईल का?

आधी हे बघू की धातू मातीला चिकटतो कसा. मातीतले चिकणमातीचे बारीक कण आणि कुजलेला पाला यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. धातूच्या सुट्या कणांवर धन विद्युतभार असतो. ऋण आणि धन एकमेकांना ओढतात. म्हणून नुसतं पाणी ओतून धातू सुटत नाही.

जुवारकर यांनी मदतीला घेतला एक जिवाणू. त्याचं नाव स्युडोमोनास एरुजिनोसा. त्यांनी वापरलेल्या वाणाला बीएस-२ असं नाव होतं. हा जिवाणू ऱ्हॅम्नोलिपिड नावाचा पदार्थ तयार करतो. तो एक प्रकारचा साबणच, फक्त जिवाणूनं बनवलेला. जेवणाचा डबा नुसत्या पाण्यानं धुतला तर तेलाचा थर तसाच राहतो आणि साबण लावला की तेल सुटून पाण्याबरोबर निघून जातं, हे तुम्ही रोज बघता. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. ऱ्हॅम्नोलिपिडच्या कणालाही अशीच दोन टोकं असतात, आणि त्यातल्या एका टोकावर ऋण विद्युतभार असतो. ते टोक धातूला ओढून घेतं आणि मातीच्या पकडीतून सोडवतं.

आणखी गंमत म्हणजे या जिवाणूला खायला महागडं काही लागत नाही. जुवारकर आणि त्यांच्या सहकारी कीर्ती दुबे यांनी २००१ साली दाखवून दिलं होतं की मद्यार्क कारखान्याचं सांडपाणी आणि दह्यातून निथळणारं पाणी यांच्यावरही हा जिवाणू वाढतो आणि आपला साबण बनवतो. म्हणजे एका ठिकाणचा कचरा खाऊन दुसऱ्या ठिकाणचा कचरा साफ करायचा!

मग त्यांनी प्रयोग केला. मातीत मुद्दाम कॅडमियम आणि शिसं मिसळलं. ती माती उभ्या नळीत भरली. एका नळीतून नळाचं साधं पाणी सोडलं, दुसरीतून ऱ्हॅम्नोलिपिडचं पाणी. साध्या पाण्यानं मातीतलं फक्त २.७ टक्के कॅडमियम आणि ९.८ टक्के शिसं निघालं. ऱ्हॅम्नोलिपिडच्या पाण्यानं ३६ तासांत ९२ टक्के कॅडमियम आणि ८८ टक्के शिसं निघालं! हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झालं. त्यात जुवारकर आणि कीर्ती दुबे यांच्याबरोबर अनुपा नायर, एस. के. सिंग आणि सुकुमार देवोटा हे शास्त्रज्ञ होते.

मला या प्रयोगातली सगळ्यांत आवडलेली गोष्ट टक्केवारीच्या पुढची आहे. धातू निघून गेल्यावर त्या मातीतले जिवाणू पुन्हा वाढले. काही तीव्र रसायनांनी माती धुतली तर धातूबरोबर मातीतला जीवही जातो. इथं माती स्वच्छही झाली आणि जिवंतही राहिली.

आता तुमच्यातलं कुणीतरी हुशार नक्की विचारेल, 'पण ते धातू गेले कुठं?' शाब्बास! ते नळीच्या खालून आलेल्या पाण्यात गेले. ते पाणी जपून गोळा करावं लागतं आणि त्यातून धातू वेगळा काढावा लागतो. ओढ्यात ओतलं तर सगळी मेहनत वाया. धातू नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतो, हे आपण आधीच पाहिलंय ना?

काढायचा, की बांधून ठेवायचा?

नळीतली माती धुता येते. पण अख्खा डोंगर धुणार कसा?

नागपूर जिल्ह्यात गुमगावला मँगनीजची खाण आहे. खाणीतून काढलेल्या निरुपयोगी दगड-मातीचे मोठाले ढीग तिथं साठतात. त्यांत कस नाही, ओल टिकत नाही, वर धातू भरपूर. गवतसुद्धा उगवायला तयार नाही. वारा आला की धूळ उडते, पाऊस आला की गाळ वाहतो. जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं दुसरा मार्ग धरला. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, म्हणजे प्रेसमड, ढिगांत मिसळला. झाडांना नत्र मिळवून देणारे जिवाणू आणि मुळांशी दोस्ती करणाऱ्या बुरशा रोपांच्या मुळांशी दिल्या. सेंद्रिय पदार्थांनी धातूंना बांधलं, बुरशीच्या तंतूंनी मुळांना पाणी आणि अन्न पुरवलं, आणि उजाड ढिगांवर झाडं उभी राहिली.

नीरीतल्या शास्त्रज्ञांनी मोगली एरंडावरही प्रयोग केले. आर्सेनिक, क्रोमियम आणि जस्त मिसळलेल्या मातीत डेअरीतला गाळ घातला, तेव्हा मातीतले सुटे धातू लक्षात येईल इतके कमी झाले. मोगली एरंडच का? कारण त्याच्या बिया विषारी असतात. माणसं ते झाड खात नाहीत, गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. मग झाडानं थोडा धातू घेतलाच, तरी तो कुणाच्या पोटात जायची भीती कमी.

तर मातीतल्या धातूचा बंदोबस्त करायचे मार्ग दोनच. एक तर त्याला सोडवून बाहेर काढा, नाहीतर जिथं आहे तिथंच घट्ट बांधून ठेवा. ऱ्हॅम्नोलिपिड सोडवतं. प्रेसमड, शेणखत, चुना आणि खाचरातलं गंधक बांधतात.

काही झाडं तर पहिल्या मार्गात भलतीच तरबेज आहेत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू कॅलेडोनिया नावाचं बेट आहे. तिथल्या मातीत निकेल खूप. तिथं पिकनँड्रा अ‍ॅक्युमिनाटा नावाचं झाड आहे. त्याची साल कापली की आतून चीक येतो तो पांढरा नाही, निळसर-हिरवा! १९७६ साली तांगी जाफ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला. सुकवलेल्या चिकात चक्क पाव हिस्सा निकेल निघालं. आणि टेरिस व्हिटाटा नावाचं एक नेचं आहे, ते आपल्याकडेही जुन्या ओलसर भिंतींवर उगवतं. लीना मा या शास्त्रज्ञेनं २००१ साली दाखवलं की ते मातीतलं आर्सेनिक शोषून आपल्या पानांत साठवतं. मग पानं कापून नेली की आर्सेनिकही गेलं. अशा झाडांना वेळ मात्र लागतो. वर्षांमागून वर्षं लावावं, कापावं, पुन्हा लावावं.

तुम्ही शास्त्रज्ञ असतात तर?

समजा, घोटीच्या मातीचा अभ्यास तुमच्याकडे सोपवला. माती कुठून घ्याल?

एकाच जागेची मूठभर माती घेऊन चालणार नाही. महामार्गाच्या अगदी कडेची घ्या, मग तिथून आत सरकत सरकत घ्या. भाताच्या खाचरातली घ्या. गाड्या दुरुस्त होतात तिथली घ्या. आणि एक नमुना अशा जागेचा हवाच, जिथं गाडी नाही, खत नाही, कचरा नाही. कळसूबाईच्या बाजूच्या एखाद्या माळाची माती चालेल. हा नमुना फार महत्त्वाचा. बेसाल्टच्या मातीत तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच असतात ना? मग जन्माचं किती आणि बाहेरून आलेलं किती, हे त्या नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय कळणार कसं?

शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी माती घ्यायची. प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा, साधारण वीतभर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची माती खरवडून घ्यायची. सगळी एकत्र करून गोल पसरायची. तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. अर्धा किलो उरेपर्यंत असंच. आणि लक्षात ठेवा, पत्र्याची बादली वापरायची नाही! पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. बादलीतलं जस्त मातीत आलं तर तुमचा निकालच चुकेल. लाकडी खुरपं आणि प्लॅस्टिकचं घमेलं उत्तम.

प्रयोगशाळेत ही माती सुकवतात, चाळतात, आम्लात विरघळवतात आणि ते द्रावण ज्योतीत फवारतात. मग एक दिवा लावतात. कॅडमियम मोजायचं असेल तर कॅडमियमचाच दिवा, शिसं मोजायचं तर शिशाचा. प्रत्येक मूलद्रव्य आपल्याच प्रकारचा प्रकाश शोषतं. ज्योतीत जितकं कॅडमियम, तितका तो प्रकाश कमी पलीकडे पोचतो. ही युक्ती ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलन वॉल्श यांना १९५२ साली सुचली. कुठं, माहीत आहे? मेलबर्नमधल्या आपल्या घरच्या भाजीच्या वाफ्यात काम करताना!

तुमच्या घरी शेती असेल तर जमीन आरोग्य पत्रिका मागून वाचा. २०१५ साली ही योजना सुरू झाली. त्यात नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर जस्त, लोह, तांबं आणि मँगनीज किती आहे तेही लिहिलेलं असतं. म्हणजे चार धातूंची नोंद तुमच्या घरातच आहे. शिसं, कॅडमियम त्या पत्रिकेत नसतात, त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते.

करून पाहा

माती धातूला कशी धरते, हे आपल्याला विषारी धातूला हात न लावता बघता येईल. विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना सोबत घ्या आणि शाळेच्या प्रयोगशाळेतून मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग मागा. त्याच्या कणावरही धातूसारखाच धन विद्युतभार असतो.

१. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या मधोमध कापा. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवा. तोंडात कापसाचा बोळा घाला.

२. एका बाटलीत स्वच्छ धुतलेली नदीची वाळू भरा, दुसरीत तेवढीच शेतातली माती.

३. ग्लासभर पाण्यात रंगाचा एखादाच थेंब टाका. पाणी फिकट निळं दिसलं की पुरे. हातमोजे घाला, कारण हा रंग हाताला आणि कपड्यांना लागला की सहज निघत नाही.

४. दोन्ही बाटल्यांत तेवढंच निळं पाणी हळूहळू ओता. खाली आलेल्या पाण्याचा रंग बघा. निळेपणा कुणी जास्त धरून ठेवला?

५. आता मातीवर साधं पाणी ओता. निळा रंग सुटतो का? मग मिठाचं पाणी ओतून बघा. मिठाच्या पाण्यातही धन विद्युतभाराचे कण असतात. जे दिसेल ते वहीत लिहा. अपेक्षेपेक्षा वेगळं दिसलं तर ते आधी लिहा!

आपल्या हातात काय?

पुष्कळ काही! बिघडलेला रिमोट, चार्जिंगचे जुने सेल, मोबाइलची फुगलेली बॅटरी उकिरड्यात टाकू नका. उकिरड्याचं खत शेतात जातं. अशा वस्तू वेगळ्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. गाडीची जुनी बॅटरी नवीन घेताना दुकानदाराला परत द्या. बॅटरी फोडणं, वायरी जाळून तांबं काढणं, हे कुणी करत असेल तर तिथं खेळायला जाऊ नका आणि घरी मोठ्यांना सांगा. बाहेरून आलात की जेवणाआधी हात धुवा, कारण मातीतलं शिसं लहान मुलांच्या पोटात जातं ते बहुतेक हाताबोटांवरूनच. शेतात शेणखत, कंपोस्ट घाला. त्यानं पीक तर वाढतंच, शिवाय मातीची धरून ठेवायची ताकदही वाढते.

जिंझू नदीकाठची ८६३ हेक्टर जमीन पुन्हा शेतीयोग्य करायला जपानला ३३ वर्षं लागली. २०१२ साली ते काम पूर्ण झालं. त्यांनी काय केलं? बिघडलेली माती खोल पुरली आणि वर डोंगरावरची चांगली माती पसरली. कॅडमियम आजही तिथंच आहे, फक्त मुळं पोचणार नाहीत इतक्या खाली. नदीत सोडायला काहीच कष्ट पडले नव्हते, शेताबाहेर ठेवायला एक अख्खी पिढी खपली. म्हणून आज रात्री घरातले जुने सेल शोधून एका डब्यात भरा, डब्यावर चिठ्ठी लावा, आणि शाळेत असाच एक मोठा डबा ठेवायला मुख्याध्यापकांना सांगा. घोटीची माती चांगली ठेवायची सुरुवात तिथूनच करता येईल.